पायरीपर्यंत मंडळी

१९४४ सालच्या त्या रविवारी साताऱ्याच्या चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंडळी बाहेर पायरीपर्यंत बसली होती. सांगलीहून आलेला तरुण प्रचारक इम्मानुएल बोलत होता आणि बायका पदराने डोळे पुसत होत्या. इथले पाळक दानिएलराव मागच्या बाकावर दात आवळून बसले होते.

शेवटी इम्मानुएल आदराने म्हणाला, "पाळकसाहेब, आभाराची प्रार्थना तुम्हीच करा."

दानिएलराव उभे राहिले आणि घसा बसल्याचं निमित्त सांगून पुन्हा खाली बसले.

घरी येताच त्यांनी पागोटं खाटेवर आदळलं. "कालचं पोरगं ते! नुसतं ओरडतंय, आणि लोक खुळ्यासारखे रडतात!"

"आवं, पर आशी गर्दी कवा बघितली व्हती का?" त्यांची बायको रूथबाई हरखून म्हणाली. "रोज पहाटं गुडघं टेकून तुमी हेच मागत व्हता न्हवं, लोक येऊ देत म्हणून? ऐकलं की देवानं!"

"मी लोक माझ्यासाठी मागितले होते!" दानिएलराव ओरडले.

रोज पहाटे देवाला आपलं हेच ऐकू जात होतं, हे तेव्हा कुठे दानिएलरावांना कळलं.