दगडाचा डोळा

"एडना! याला डोळा आहे!"

विल्फ हार्लंड शेडमधून असा काही ओरडला की स्वयंपाकघरात त्याच्या बायकोच्या, एडनाच्या हातून किटली निसटता निसटता राहिली. ॲप्रनला हात पुसत ती धावली.

विल्फ टेबलावर ओणवा झाला होता. समोर रेतीच्या पिशवीवर त्याचा अमोनाइट होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात मेलेल्या जिवाचा, दगड झालेला वेटोळा शंख. इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्यावर असे पुष्कळ मिळतात; काही घरांत दार अडवायलाही ठेवतात. पण जवळच्या सॉल्टविकला सापडलेल्या या दगडावर तपकिरी दगडी कवच इतकं घट्ट बसलं होतं, की विल्फ गेला आठवडाभर हवेच्या दाबावर थरथरणाऱ्या सुईने ते कणाकणाने उडवत होता. आणि आता बाहेरच्या वेढ्याच्या टोकाला गोल, ठसठशीत डोळा निघाला होता.

"शंख टिकतो, एडना. आतला जीव सडून जातो. अमोनाइटचा डोळा कोणी पाहिलेला नाही, कोणीच नाही!"

"आधी तुझे दोन सांभाळ. चष्मा कपाळावर चढलाय. आणि मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, याला गंजाचा वास येतो."

"अगं, या किनाऱ्याच्या दगडातच लोखंड आहे. तू क्लेमला फोन लाव. नको, मीच लावतो!"

गावच्या छोट्या संग्रहालयाची किल्ली क्लेम डॉब्सनकडे असायची. खिडकीतल्या काचपेटीत वर्षानुवर्षं क्लेमचाच अमोनाइट बसलेला. खाली तिथल्या रीतीप्रमाणे पाटी: सापडला कोणाला, घडवला कोणी, म्हणजे दगडातून साफ करून काढला कोणी. दोन्हीकडे क्लेम डॉब्सन. त्या पाटीवर एकदा आपलं नाव बघायचं, एवढीच विल्फची म्हातारपणीची हौस होती. "पेटी रिकामी कर!" असं त्याने फोनवर ठणकावून सांगितलं आणि पोरासारख्या उड्या मारत परत सुई धरली.

सुई डोळ्याखाली सरकली. एक नाकपुडी निघाली. मग ओठांची बारीक रेघ निघाली, लांबत गेली आणि दोन्ही टोकांना वर वळली.

दगड हसत होता.

विल्फने चष्मा खाली ओढला, वर भिंग धरलं. रेघेत छिन्नीचे घाव स्पष्ट दिसत होते.

संत हिल्डाने इथल्या सापांचे दगड केले, तेच हे अमोनाइट, अशी या गावाची जुनी कथा. आलेल्या पाहुण्यांना तो साप हवा असायचा, पण बिनडोक्याचा साप कोण घेणार? म्हणून गावचे कारागीर अमोनाइटवर डोकं कोरून द्यायचे. त्यातलाच एक कधीतरी समुद्रात पडला होता. सोबत काही लोखंड असावं. त्याचा गंज आणि वाळू मिळून त्याच्यावर गिलावा चढला होता.

एडनाला आधी हसूच आलं. विल्फचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

"क्लेम मला मरेपर्यंत चिडवणार," विल्फ म्हणाला. त्याने खणातून छोटी करवत काढली. "डोकं उडवतो. खालचा अमोनाइट एक नंबर आहे. डोळा म्हणजे माझा भास होता, असं सांगेन."

करवत दगडाला टेकली. एडनाने मध्ये हात घातला.

"नीट बघ तरी. पापणीसुद्धा कोरलीय त्याने. पाहुण्याला विकायच्या दगडावर पापणी कोण कोरतं? तुझ्यासारखाच कोणीतरी वेडा. जेवायला हाक मारली तरी न उठणारा."

विल्फ भिंगातून बघत राहिला. पापणी होती. केसाइतकी बारीक, आणि कुठेही छिन्नी घसरलेली नव्हती. त्याला एकदम त्या माणसाचा हेवा वाटला, मग मायाच आली. त्याने करवत खणात टाकली, सुई पुन्हा सुरू केली आणि दगड फिरवून दुसऱ्या बाजूला लागला. दुसरी पापणी असलीच पाहिजे!

क्लेम किल्ल्या खुळखुळवत आत आला, तेव्हा ती अर्धी निघाली होती. त्याने वाकून पाहिलं आणि खोकला येईपर्यंत हसला.

"काय रे म्हाताऱ्या! हाच का तुझा जगावेगळा शोध? यासाठी मी पेटी रिकामी करू?"

"कर. साप आहे, पण असा साप तुझ्याकडे नाही." विल्फचे कान लाल झाले होते, तरी सुई थांबली नाही. "आणि पाटी लिहून घे. सापडला, विल्फ हार्लंड."

"आणि घडवला? तोही तूच ना?"

"ती जागा मोकळी सोड."

"मोकळी? इतकी वर्षं या पाटीसाठी माझ्याशी भांडलास!"

"हे काम माझं नाही. मी नुसती धूळ झटकली." विल्फने सुई बंद केली, दगडावर फुंकर मारली आणि तो क्लेमकडे वळवला. "तुझा पणजोबा असली डोकी कोरायचा ना रे?"

क्लेमचं हसू थांबलं. त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, खिशात चष्मा चाचपला आणि विल्फकडचं भिंग मागून घेतलं.