एकेचाळिसावं नाव

भूगर्भशास्त्र विभागाच्या सहलीची यादी विम्यासाठी आली, की अल्जीरियातल्या मोस्तगानेममधल्या विद्यापीठाची कारकून हुरिया दर वर्षी सहल नेणाऱ्या उस्ताद बेलार्बी या प्राध्यापकांवर करवादायची.

"अहो, मुलं चाळीस आणि नावं एकेचाळीस! हा लुनिस आहे कुठं?"

"येईल. ऐन वेळी धावत आला, तर काय विम्याशिवाय बसवू त्याला?"

चार वर्षांपूर्वी सहलीची बस लुनिससाठी अर्धा तास थांबली होती. तो आदल्या रात्रीच लपूनछपून स्पेनकडे निघालेल्या होडीत बसला होता. त्या होडीचा पुढे पत्ताच लागला नाही. हुरिया लाल पेनाने त्याचं नाव खोडायची, मगच शिक्का मारायची.

यंदा यादीत चाळीसच नावं निघाली. तिने दोनदा मोजली.

"उस्ताद, एक राहिलं."

"नाही, हुरियाबाई. यंदा यादी बरोबर आहे." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता कसला येतोय तो."

हुरियाने कागद पुढ्यात ओढला. चाळिसाव्या नावाखाली लुनिसचं नाव लिहिलं, त्यावर शिक्का मारला आणि नेहमीसारखीच करवादली, "आणि ऐन वेळी धावत आला म्हणजे?"