तळहातावरचा घास

आजपासून निर्बंध शिथिल, ही बातमी प्रेमानं तिसऱ्यांदा वाचली आणि पेपर घडी न घालताच टेबलावर टाकला.

"सरकारला एवढी घाई कसली झालीय?"

मागच्या आठवड्यापर्यंत हीच प्रेमा, भाजी सकाळी दहाच्या आत आणायची म्हणजे जुलूम आहे, असं म्हणत सरकारच्या नावानं बोटं मोडत होती. पण तेव्हा शहराच्या या टोकाच्या के. आर. पुरमहून त्या टोकाच्या बनशंकरीला जायची सोय नव्हती. आता ती झाली होती. आतल्या खोलीत तिची सून सौम्या पिशवीत फ्रॉक भरत होती. पाच वर्षांची ईरा आठ दिवसांसाठी दुसऱ्या आजीकडे, सौम्याच्या आईकडे, निघाली होती.

प्रेमाचे यजमान पद्माकर सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. घरातही ते मीटिंगमध्ये बसल्यासारखे मुद्देसूद बोलत. आकडे खाली आलेत, रिक्षावाल्यांनी आणि हातावर पोट असलेल्यांनी किती दिवस घरी बसायचं, माणसं कोंडून कोंडून वेडी होतील, असे तीन मुद्दे त्यांनी मांडले. प्रेमानं तिन्ही उडवले. वेडी झालेली माणसं बरी होतात, गेलेली परत येत नाहीत, म्हणाली. मागच्या वेळी अशीच सूट दिली आणि महिन्याभरात अर्धी बिल्डिंग ऑक्सिजनसाठी फोन फिरवत होती, हेही तिनं ऐकवलं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच तर तिला ते इतक्या ठामपणे बोलता येत होतं.

मग तिनं आवाज जरा चढवला, आतल्या खोलीत पोचेल इतपत.

"नरसिंहरावांची बायपास होऊन वर्षसुद्धा झालं नाही. लहान मुलं आजार घेऊन जातात, आपल्याला कळतही नाही. तुझ्या बाबांसाठीच सांगतेय मी, सौम्या."

सौम्याचा हात पिशवीतच थांबला.

खरं कारण कैतुत्तु होतं. बनशंकरीच्या त्या मराठी घरात पिढ्यान्पिढ्या मुरलेली कानडी रीत. सौम्याची आई वसुमती मोठ्या पातेल्यात भात कालवायची, नातवंडं भोवती फतकल मारून बसायची आणि ती एकेकाच्या तळहातावर घास ठेवायची. ईरा एकदा तिथे जाऊन आली की चार दिवस तिला प्रेमाच्या हातचा वरणभात गोड लागत नसे. या दोन महिन्यांत मात्र ईरा एकट्या प्रेमाची झाली होती. जेवायच्या वेळेला वसुमतीचा फोन यायचा आणि नेमका तेव्हाच प्रेमाला तो चार्जिंगला लावायची आठवण व्हायची. पाच वर्षांच्या पोरीवरून विहिणीवर जळावं, याची तिला लाज वाटत होती. पण लाज वाटून जळणं काही कमी होत नव्हतं.

सौम्यानं आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सासूचं म्हणणं तिनं जसंच्या तसं सांगितलं. आता वाद होईल म्हणून प्रेमा पदर खोचून उभी राहिली.

"प्रेमाअक्का म्हणतात ते सरी आहे," वसुमती म्हणाली. "सरकारनं सोडलं म्हणून आपण सोडायचं काय? ह्यांचं राहू दे, वाटेत पोरीला काही लागलं तर? नको आणू. आणखी स्वल्प दिवस कळ काढते मी." मग म्हणाली, "भातावर घ्यायला सारू केलंय भरपूर. खालच्यांना देऊन टाकते."

सौम्यानं पिशवी उलटी केली आणि फ्रॉक परत कपाटात लावले. प्रेमा जिंकली होती. पण तिला आनंद व्हायचा सोडून चिडचिडच झाली. वसुमतीनं एका शब्दानं तरी भांडायचं होतं. सोडून देण्यातही ती बाई पुढे निघून गेली होती.

दुपारी जेवायला बसताना ईरा रडली नाही, रुसली नाही. खुर्ची सोडून जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिनं तळहात पुढे केला.

प्रेमानं आमटीभात कालवला, वर चमचाभर तूप जास्तच घातलं आणि एक घास तिच्या हातावर ठेवला. ईरानं तो नीट बघितला.

"असा नाही, आजी. मध्ये अंगठ्यानं खड्डा करायचा. त्यात सारू घालायचं."

प्रेमानं अंगठा दाबला. घास फुटला आणि आमटी पोरीच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. दुसऱ्या घासाचंही तेच झालं. ईरा हसली नाही. शहाण्यासारखी वाट बघत राहिली. ते शहाणपण प्रेमाला फार लागलं. पद्माकरांनी एकदा मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली.

प्रेमा उठली. हात पुसून तिनं चार्जिंगला लावलेला फोन काढला, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून विहिणीला व्हिडिओ कॉल केला.

"वसुमतीताई, अंगठा कितपत दाबायचा?"

वसुमतीनं समोरच्या ताटातला भात मुठीत घेतला, गोल केला आणि हळूच अंगठा टेकवून दाखवला. भात आधी हातानं मऊ करून घ्या, मग दाबा, म्हणाली.

प्रेमानं भात मऊ केला. या वेळी खड्डा टिकला आणि त्यात घातलेली आमटीही आत राहिली. एक थेंब सांडू नये म्हणून तिनं श्वास रोखून हात पुढे केला.

ईराचा तळहात पसरलेलाच होता, फोनमधल्या आजीसमोर.