कानामागची नीळ

"ताप," मिसेस गिटेन्स म्हणाल्या. "बरोबर कार्निव्हलच्या तोंडावर आलेला, आणि बरोबर कार्निव्हल संपल्यावर उतरलेला."

जेरेल रोमेन शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या टेबलासमोर उभा होता. हातात भूगोलाच्या प्रकल्पाची फाईल. ती शुक्रवारी यायला हवी होती. आज कार्निव्हल संपल्यावरचा राखेचा बुधवार उजाडला होता. दुपारी बाराला सगळ्यांचे गुण परीक्षा मंडळाकडे जायचे होते. प्रकल्पात शून्य म्हणजे विषयच गेला, हे शेवटच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं.

"डॉक्टरचा कागद?"

"नाही, मिस."

"का?"

"आजीनं घरीच बरं केलं."

मुलाचे गाल बसले होते, हे खरं. पण कार्निव्हलनंतर बसलेले गाल मिसेस गिटेन्सनी दरवर्षी पाहिले होते. दोन रात्री नाचलं की कुणाचेही बसतात.

"खिडकीकडे ये. मान वळव."

कानामागे, केसांच्या कडेला, निळा डाग होता.

पलीकडच्या टेबलावर वह्या तपासत बसलेले बाबुलाल सर हसले. "अरे, हा तर परामिनचा सैतान! मिस, एक डॉलर टाका त्याच्या हातावर, नाहीतर हलायचा नाही इथून."

परामिनच्या डोंगरावरची पोरं कार्निव्हलच्या सोमवारी अंगभर निळी होतात, शिंगं लावतात, पत्र्याचे डबे बडवतात आणि पैसे मिळेपर्यंत माणसाची वाट सोडत नाहीत. जेरेलचं घर त्याच डोंगरावर होतं.

"बाबुलाल सर, मी बोलतेय त्याच्याशी."

"बोला, बोला. माझ्याकडे तरी सुटे नाहीत."

जेरेलचा हात कानामागे गेला. बोटाला निळं लागलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

"आजी भिंत रंगवत होती, मिस."

"तुझ्या कानामागची?"

बाबुलाल सरांना खोकला आला. जेरेलनं फाईल या हातातून त्या हातात घेतली.

"सैतान झालो होतो, मिस," तो म्हणाला.

"सोमवारी?"

"हो, मिस."

"आणि ताप?"

"नव्हता."

"मग शून्य लिहावं लागेल. कळतंय ना?"

"कळतंय, मिस."

मिसेस गिटेन्सनी पेन उचललं, पण ते कागदाला टेकलं नाही. पोरं शेवटपर्यंत भांडतात, रडतात, मेलेल्या मावशीला पुन्हा मारतात. हा मात्र सुटल्यासारखा उभा होता.

त्यांनी पाण्याची बाटली आणि आपला रुमाल पुढे सरकवला. "आधी ते पूस. असा वर्गात बसणार आहेस?"

जेरेलनं पुसलं. एकदाच रुमाल फिरवला आणि डाग निघून गेला.

त्यांनी रुमाल परत घेतला, निळा झालेला भाग दोन बोटांत चोळून पाहिला. सैतान होणारी पोरं नीळ व्हॅसलीनमध्ये कालवतात. घाम येवो, पाऊस पडो, ती उतरत नाही. आठवडाभर साबणालाही दाद देत नाही. ही नुसती पाण्यातली नीळ होती. कपड्यांना घालतात ती. मिसेस गिटेन्सच्या आईनंही त्यांना लहानपणी टबात उभं करून, नजर उतरावी म्हणून तेच पाणी डोक्यावरून ओतलं होतं, ओठांत प्रार्थना पुटपुटत.

त्यांनी आवाज खाली आणला. "कुणाची नजर लागली म्हणे तुला?"

"कुणाची नाही, मिस. मी सैतान..."

"खोटं बोलू नकोस. आजीनं निळीच्या पाण्यानं आंघोळ घातली की नाही?"

जेरेलनं हळूच मान डोलावली. मग म्हणाला, "ताप उतरतच नव्हता."

"काय म्हणाली आजी?"

"म्हणाली, शाळेत तुझं कुणी कौतुक केलं होतं का."

"मग?"

तो फरशीकडे बघत होता. "मी म्हटलं, कुणी नाही."

बाबुलाल सरांची लाल शाई थांबली.

आदल्या आठवड्यात मिसेस गिटेन्सनी जेरेलचा कच्चा नकाशा वर्गासमोर उंच धरला होता. असा हात या शाळेत आजवर आला नाही, असं म्हणाल्या होत्या. कौतुकाच्या पाठोपाठ 'देव भलं करो' म्हणायचं असतं, नाहीतर नजर लागते, हे परामिनच्या कोंबड्यालाही कळतं. त्या म्हणाल्या नव्हत्या. सवय नव्हती, मुळात कौतुकाचीच नव्हती.

असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. तरी त्यांनी डोळे मुलावरून काढले आणि फाईलवर ठेवले.

"दे इकडे."

पक्का नकाशा पहिल्याच पानावर होता. मारावलची नदी, तिला येऊन मिळणारे केसासारखे बारीक ओहोळ, डोंगरउताराच्या रेषा एकीला एक न चिकटलेल्या. अंगात ताप असताना काढलेला. मिसेस गिटेन्सचे ओठ उघडले. जेरेल त्यांच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याचा एक पाय दाराच्या दिशेनं मागे सरकला होता.

त्यांनी ओठ मिटले. बोट नकाशाच्या कोपऱ्यावर ठेवलं.

"उत्तरेचा बाण वाकडा आहे," त्या कडक आवाजात म्हणाल्या. "एक गुण कापतेय."

जेरेलनं वाकून पाहिलं. बाण पट्टीनं मारलेला, सरळसोट होता.

"हो, मिस," तो म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "चांगलाच वाकडा आहे."