भिंतीतली गुणगुण

"भिंत उघडायची गरज नाही," मेकॅनिकने पुन्हा सांगितलं. "खिडकीच्या कडेने सीलंट भरतो, गळती थांबेल."

"नव्या कोऱ्या गाडीत गादी भिजते आणि तुम्ही वरवर मलमपट्टी करणार?" नवऱ्याचा पारा चढला. "मग त्या वॉरंटीचं काय लोणचं घालू?"

ती पलंगालगतच्या भिंतीकडे बघत होती. निवृत्तीनंतर दोघांनी मोठ्या हौसेने, वर्षभर शोरूमच्या आवारात उभी असलेली ही घरगाडी घेतली होती. चाकांवरचं घरच ते, पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणी सगळं आत. आता शोरूम कुठच्या कुठे मागे राहिलं होतं आणि कंपनीने फोनवरून या वर्कशॉपचा पत्ता दिला होता. इथला नियम एकच. दोष आमच्या डोळ्यांना दिसला पाहिजे, तर वॉरंटीत काम. बाहेर ऊन रणरणत होतं. पावसाशिवाय गळती दिसायची कशी?

नवऱ्याचा जीव गादीत अडकला होता. तिला मात्र ती भिंत उघडून हवी होती, आणि का, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

पलंगालगतच्या त्या भिंतीतून तिला गुणगुण ऐकू यायची. आधी वाटलं, फ्रिजची घरघर असेल. फ्रिज बंद केला तरी ती चालूच. आणि काय ती गुणगुण! एकच सूर, पण हळूहळू भरत जाणारा, वाढत वाढत छातीपर्यंत पोचणारा. ऐकताना अंगावर काटा यायचा. इतकं सुंदर आपण जन्मात काही ऐकलं नाही, असं वाटायचं.

आणि मग आई आठवायची. आईलाही शेवटी शेवटी भिंतीपलीकडून गाणं ऐकू यायचं. "शेजारी काय गोड गातंय गं कुणीतरी," असं ती हसून सांगायची. घरातले सगळे कौतुकाने मान डोलवायचे. पुढे एका सकाळी आईने पोटच्या लेकीला विचारलं, "आपण कोण? कुणाकडे आलात?"

एकदा तिने नवऱ्याला चाचपून पाहिलं होतं. "अहो, काही ऐकू येतंय का?"

"येतंय ना. तुझं बोलणं. लग्न झाल्यापासून दुसरं काही ऐकूच कुठे दिलंयस?"

तीही हसली होती. उभं आयुष्य सूतगिरणीत काढल्यामुळे त्याचे कान मंद झाले होते. म्हणजे त्याला ऐकू आलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. तेवढ्या आधारावर ती इथवर आली होती.

"बाहेरून पाईपने पाणी मारा," ती एकदम म्हणाली. "मी आत बसते. दोष डोळ्यांना दिसला, मग तर उघडाल?"

मेकॅनिक तिच्याकडे बघतच राहिला. "काकू, इथे नोकरी करता का? आमच्याकडे माणसं कमीच आहेत."

पत्र्यावर पाण्याचा मारा सुरू झाला. ती भिंतीला तळवा लावून बसली. थोड्या वेळाने तळव्याखाली गार लागलं. मग एक थेंब फुटला, घरंगळला आणि उशीवर पडला. मेकॅनिकने वाकून बोट लावून पाहिलं आणि मान हलवली.

कंपनीची परवानगी येईपर्यंत दोघांना ऑफिसात बसवलं. नवऱ्याने चहा फुंकत फुंकत कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिच्या कानात ती गुणगुण इथेही रेंगाळत होती. देवा, भिंतीत काहीतरी निघू दे, ती मनात म्हणत होती. काहीही निघू दे.

परवानगी आली आणि दोघांच्या देखत शेवटचा स्क्रू निघाला. मेकॅनिकने फळी दोन्ही हातांनी ओढली आणि तो तसाच थांबला.

भिंतीत पोळं होतं. जमिनीपासून छतापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, थराला लागून थर. कंपनीत पत्र्याच्या सांध्याला बोटभर फट राहिली होती, आणि त्या फटीतून आत शिरून एवढ्याशा जिवांनी हे उभं केलं होतं. खिडकीतून आलेलं ऊन थरांवर पडून उजळत होतं आणि अख्खी गाडी पिवळीधमक झाली होती. मेकॅनिकने नकळत डोक्यावरची टोपी काढली. बाकीचे कामगार हातातली हत्यारं खाली ठेवून दाराशी जमले.

गुणगुण वाढली. एवढी तर कधीच वाढली नव्हती. गाडीभर झाली, अंगभर झाली.

"मधमाश्या!" ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. डोळे भरून आल्यामुळे समोरचं सगळं सोनं नुसतं हलत होतं. नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन तिने सगळं सांगून टाकलं. सूर, आई, ती सकाळ, सगळं.

"वेडाबाई," त्याने तिचा हात घट्ट धरला. "एवढं मनात घेऊन एकटीच बसलीस? माझे कान धड असते तर मलाही ऐकू आलं असतं."

तेवढ्यात मेकॅनिकने पोळ्यात कोपरापर्यंत हात घातला. "अहो, सांभाळा!" ती ओरडली. "डसतील!"

मेकॅनिकने एक तुकडा अलगद मोडला आणि कौतुकाने तिच्या तळहातावर ठेवला.

"डसायला आहे कोण, काकू? तुम्ही गाडी घ्यायच्या आधीच हे ओस पडलंय. आत एक माशी नाही."