हत्यारांच्या पाटावर

दसऱ्यापासून हेच चाललं होतं. गेम रंगात आला, की शाल्मलीचा कॉम्प्युटर तापायचा आणि बंद पडायचा. आज संध्याकाळी तर स्पर्धेचा अंतिम सामना होता. तिने ओढणी कमरेला खोचली आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. "आज एक तर तू राहशील, नाही तर मी!"

धूळ झाडली, रॅम पुसून बसवली, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली. तरी पुन्हा तेच.

"खेळण्यापायी केवढा आटापिटा!" दारातून बाबा म्हणाले. त्यांचा जन्म लेथवर गेलेला. दसऱ्याला त्यांनी पाटावर पक्कड, कानस, हातोडी मांडली, तेव्हा तिने कॉम्प्युटरचीही पूजा करायला सांगितली होती. "पूजा हत्याराची करतात, खेळण्याची नाही," ते फटकन बोलले आणि ती रुसून मैत्रिणीकडे निघून गेली होती.

आता ती इरेला पेटली. ग्राफिक्स कार्ड बाहेर काढून तिने उलटं केलं आणि बोटाने त्याचा पंखा फिरवला. पंखा अडला. पात्याच्या फटीत काहीतरी रुतलं होतं. चिमट्याने ओढून तिने ते तळहातावर घेतलं, तसा पंखा गर्रकन फिरला.

कुंकू लागलेला तांदळाचा दाणा.

तिने मान वर केली. बाबा चष्मा पुसत होते.

"पुढच्या दसऱ्याला," ते पुटपुटले, "जाळीवर फडकं टाकून अक्षता वाहीन."