भिंतीपलीकडचा आवाज

झोळीला झोके देऊन देऊन बाबासोचा दंड भरून आला, तरी वर्षभराची लेक टक्क जागीच.

यंत्रमागावर दोन-दोन पाळ्या ओढताना त्याची एकच हौस होती. दुपारी तासभर घरी यावं, पोरीला आपल्या हातानं निजवावं. "दुपारी घरी गेलास, तर परत येऊ नकोस," मालक म्हणायचा. आता मंदीपायी मालकानंच कारखान्याला कुलूप घातलं होतं. अख्खा दिवस बाबासोचा होता, आणि चार दिवस पोरीचा डोळा लागत नव्हता.

"माझा हात कडक लागतोय काय गं तिला?" त्यानं बायकोला विचारलं.

रूपालीनं भिंतीकडं बोट केलं. पलीकडं कारखाना होता. "हाताचं न्हाई ओ. जन्मल्यापास्नं मागांच्या खडखडाटातच झोपलीय ती. सामसूम झाली की भेदरती."

त्यानं पत्र्याच्या डब्यावर मागाचा ठेका धरून पाहिला. पोरीनं भोकाडच पसरलं.

पाचव्या दुपारी भिंतीपलीकडं अचानक लोखंड खणाणलं, आणि पोर रडायची थांबली. बाबासो झोळीची दोरी धरून ऐकत राहिला. घण पडत होते. मालकानं माग भंगारात काढले होते. भंगारवाले ते फोडत होते. त्यातच बाबासोनं बारा वर्षं चालवलेले चार माग होते.  उठून पळत जावं, त्यांना थांबवावं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात पोरीनं जांभई दिली. मूठ सैल पडली, डोळे मिटले.

बाबासो जागचा हलला नाही. घणाच्या तालावर झोका देत तो भिंतीकडं बघून पुटपुटला, "एवढ्यात संपवू नका रं."